कॉन्फरन्सचं बोलावणं आलं, आता व्हिसाचं काय?

परदेशातल्या कॉन्फरन्ससाठी लागणाऱ्या व्हिसाबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं आणि इतकी पत्रं, मेल आले की सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्यच नाही. म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते, आणि एकदाच आले पण महत्त्वाचे वाटले ते, असे निवडलेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत. एक आधीच सांगते, फी आणि नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज भरायला बसाल त्या दिवशी त्या देशाची अधिकृत साइट उघडून बघायचीच, एजंट काय म्हणतो किंवा मागच्या वर्षी जाऊन आलेला मित्र काय म्हणतो ते नंतर.

ताई, मी पीएचडी करतेय. माझा पेपर व्हिएन्नाच्या एका कॉन्फरन्सला सिलेक्ट झालाय, कॉन्फरन्स चार दिवसांची आहे आणि नंतर मैत्रिणीबरोबर सहा दिवस इटलीत फिरायचा प्लॅन आहे. व्हिसा ऑस्ट्रियाचा काढू की इटलीचा? टूरिस्ट की बिझनेस? आणि तिकीट आत्ता स्वस्त मिळतंय, काढून टाकू का?

पेपरबद्दल मनापासून अभिनंदन! पण तिकीट थांबव. निदान नॉन-रिफंडेबल तरी अजिबात काढू नकोस, व्हिसा हातात येईपर्यंत रिझर्व्हेशन किंवा कॅन्सल करता येईल असं बुकिंग पुरतं, बरेच दूतावास स्वतःच सांगतात की व्हिसा मिळण्याआधी पूर्ण पैसे भरून तिकीट काढू नका म्हणून.

आता देशाचं. ऑस्ट्रिया आणि इटली दोन्ही शेंगेन या युरोपातल्या देशांच्या गटात आहेत, शेंगेनमध्ये सध्या २९ देश आहेत आणि एकाच व्हिसावर सगळीकडे फिरता येतं, पण अर्ज कुठे करायचा ते आपल्या मर्जीवर नसतं. जो देश तुझ्या प्रवासाचं मुख्य ठिकाण आहे त्याच्याकडे करायचा, आणि मुख्य ठिकाण कुठलं ते राहण्याच्या दिवसांवरून किंवा जाण्याच्या कारणावरून ठरतं. इथेच तुझी गोची आहे. कारण बघितलं तर ऑस्ट्रिया, दिवस मोजले तर इटली. अशा वेळी दोन्हीकडून टोलवाटोलवी व्हायची शक्यता असते आणि त्यात अपॉइंटमेंटचे आठवडे जातात. माझा सल्ला असा की इटलीचे दिवस कमी कर, व्हिएन्नात एक-दोन दिवस आधी पोच, म्हणजे दिवसही ऑस्ट्रियाचे जास्त आणि कारणही ऑस्ट्रियाचं, मग वादच नाही. प्लॅन बदलायचाच नसेल तर दोन्हीकडे मेल करून लेखी विचार. आणि कुठल्या देशात व्हिसा सहज मिळतो ते ऐकून तिथे अर्ज करायचा आणि जायचं भलतीकडेच, हे तर करूच नकोस, सीमेवर त्यावरून प्रश्न विचारले जाऊ शकतात.

टूरिस्ट की बिझनेस, हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय. शेंगेनचा शॉर्ट स्टे व्हिसा एकच असतो, सी टाइपचा. फॉर्ममध्ये प्रवासाचं कारण विचारतात आणि त्यानुसार कागदांची यादी बदलते. कॉन्फरन्सला जाणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी बिझनेसच्या यादीतले कागद मागतात, पण प्रत्येक देशाच्या व्हिसा अर्ज केंद्राची यादी थोडी वेगळी असते, तेव्हा ऑस्ट्रियाचीच यादी बघ. नंतरचं फिरणं लपवायचं काहीच कारण नाही, कारणाबद्दल जास्तीची माहिती द्यायला फॉर्ममध्ये जागा असते, तिथे सरळ लिहायचं की कॉन्फरन्स या तारखांना आणि त्यानंतर इतके दिवस पर्यटन.

वेळेचं गणित असं की अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो पण गरज वाटली तर ते ४५ दिवसांपर्यंत लांबवू शकतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंट मिळणं हीच मोठी लढाई असते, म्हणून सिलेक्शनचा मेल आला की त्याच आठवड्यात कामाला लाग. पासपोर्ट मागच्या १० वर्षांत काढलेला, शेंगेनमधून बाहेर पडायच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि राहण्याचे सगळे दिवस कव्हर करणारा लागतो. मोठ्यांसाठी व्हिसा फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. आधी कधी शेंगेनसाठी बोटांचे ठसे दिले असतील तर ते ५९ महिने चालतात.

आणि पासपोर्टवर लावलेला व्हिसाचा स्टिकर हातात आला की तिथल्या तिथे वाच. त्यावर व्हॅलिडिटीच्या दोन तारखा असतात आणि शिवाय राहण्याचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. समजा तारखा २५ दिवसांच्या आहेत आणि दिवस १० लिहिलेत, तर तुला १० दिवसच राहता येतं, बाकीचे दिवस प्रवास मागेपुढे झाला तर म्हणून दिलेले असतात. पोचायचा दिवस आणि निघायचा दिवस दोन्ही मोजतात. यात खूप हुशार लोकांचासुद्धा घोळ होतो. एंट्री एकच मिळाली असेल तर मध्येच लंडनला किंवा डब्लिनला जाऊन परत व्हिएन्नाला येता येणार नाही, ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत.

आयोजक म्हणतात आधी रजिस्ट्रेशन फी भरा मगच इन्व्हिटेशन लेटर देऊ. दुसऱ्या एका कॉन्फरन्सने तर मी ॲबस्ट्रॅक्ट पाठवायच्या आधीच लेटर पाठवलंय! लेटरमध्ये नेमकं काय असायला हवं?

फी घेऊन लेटर देणं बऱ्याच चांगल्या कॉन्फरन्सही करतात, त्यात लबाडी असेलच असं नाही, फक्त पैसे भरायच्या आधी एक मेल टाकून विचारा की व्हिसा नाकारला तर फी परत मिळेल का आणि उत्तर जपून ठेवा. दुसऱ्या प्रकाराबद्दल मात्र मला खरंच काळजी वाटते. ॲबस्ट्रॅक्ट न वाचताच बोलावणारी, एकाच हॉटेलात एकाच दिवशी दहा विषयांच्या परिषदा भरवणारी, तुमच्या विषयातलं कुणीच ओळखीचं नाव नसलेली कॉन्फरन्स असेल तर तो फी गोळा करायचा धंदा असण्याची शक्यता दाट. व्हिसा अधिकारी अशी लेटर्स सारखी बघत असतात. त्या लेटरमुळे तुमच्या बाकीच्या खऱ्या कागदांवरही संशय येऊ शकतो. तुमच्या गाइडला किंवा विभागातल्या सीनियरला नाव दाखवा, पाच मिनिटांत कळेल.

चांगल्या लेटरमध्ये तुमचं नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच हवं, पासपोर्ट नंबर, कॉन्फरन्सच्या तारखा आणि जागा, तुम्ही काय करणार आहात, म्हणजे पेपर वाचणार की पोस्टर लावणार की फक्त ऐकायला येणार, पेपरचं शीर्षक, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खर्च कोण करणार. प्रवास आयोजकांचा, राहणं तुमच्या संस्थेचं, जेवणखाण तुमचं स्वतःचं, असं जे काही असेल ते स्पष्ट. मग तेच तुमच्या संस्थेच्या पत्रात आणि तेच अर्जात यायला हवं. अर्ज नाकारला जातो तो पुष्कळदा पैसे कमी म्हणून नाही, कागद एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून. आयोजक म्हणतात आम्ही हॉटेल देतोय आणि अर्जासोबत तुमचं स्वतःचं हॉटेल बुकिंग जोडलंय, संस्थेच्या पत्रात रजा ८ दिवसांची आणि तिकिटाचं रिझर्व्हेशन १५ दिवसांचं, असं काही दिसलं की वाचणाऱ्याच्या मनात शंका आलीच. अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी सगळे कागद जमिनीवर पसरा आणि एखाद्या अनोळखी माणसासारखे वाचा, तारखा, नावं, रकमा जुळतात का बघा. बँक स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आठवडाभर आधी अचानक मोठी रक्कम आली असेल तर ती कुठून आली याचा कागदही लावा, स्कॉलरशिप असो, घरच्यांनी दिलेली असो, लाजायचं काही नाही.

आणि खोटी तिकिटं, फोटोशॉप केलेली बुकिंग, दुसऱ्याच्या लेटरवर नाव बदलून, हे कुणी कितीही सांगितलं तरी नको. ब्रिटनमध्ये फसवणुकीसाठी १० वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, कॅनडात चुकीच्या माहितीबद्दल ५ वर्षं, अमेरिकेत तर कायमची. एका कॉन्फरन्ससाठी अख्खं करिअर कशाला पणाला लावायचं?

मी निवृत्त प्राध्यापक आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने परिषदेत व्याख्यानाला बोलावलंय आणि मानधनही देणार आहेत. व्हिजिटर व्हिसावर मानधन घेतलं तर ते काम धरलं जाईल का? पुढे ब्रिटनमध्येही असंच एक व्याख्यान आहे.

सर, विचारलंत ते बरं केलंत, पुष्कळजण हे विचारतच नाहीत. अमेरिकेत शैक्षणिक, वैज्ञानिक किंवा व्यावसायिक परिषदेला जाणं हे बी-१ मध्ये, म्हणजे कामानिमित्तच्या व्हिजिटर व्हिसात बसतं. मानधनासाठी वेगळी तरतूद आहे आणि तिला लोक ९-५-६ चा नियम म्हणतात. म्हणजे एका संस्थेत शैक्षणिक काम ९ दिवसांपेक्षा जास्त नको आणि मागच्या ६ महिन्यांत ५ पेक्षा जास्त संस्थांकडून असं मानधन घेतलेलं नको. देणारी संस्था उच्च शिक्षणाची, तिच्याशी जोडलेली ना-नफा संस्था किंवा ना-नफा वा सरकारी संशोधन संस्था असावी लागते. तुमचं विद्यापीठ यात बसतं. पण परिषद एखाद्या खासगी कंपनीने भरवलेली असती तर ही सोय लागू झाली नसती, म्हणून मानधनाचं पत्र विद्यापीठाच्याच लेटरहेडवर मागून घ्या. कर कापण्याबद्दलही त्यांच्या ऑफिसला आधीच विचारा, मानधनावर तिथे कर लागू शकतो आणि त्याचे फॉर्म वेगळे असतात.

ब्रिटनचा नियम निराळा आहे. स्टँडर्ड व्हिजिटर, म्हणजे तिथल्या नेहमीच्या व्हिजिटर व्हिसावर परिषदेला जाता येतं, नफ्यासाठी नसलेल्या कार्यक्रमात एखाद-दुसरं भाषणही देता येतं, आणि प्रवास, राहणं याचा वाजवी खर्च आयोजकांकडून घेता येतो. पण भाषणाची फी घ्यायची असेल तर ते परमिटेड पेड एंगेजमेंट, म्हणजे परवानगी असलेलं मोबदल्याचं काम होतं. पूर्वी त्याला वेगळा व्हिसा होता, ३१ जानेवारी २०२४ पासून ते स्टँडर्ड व्हिजिटरमध्येच घातलंय. अट अशी की निमंत्रण ब्रिटनमधल्या संस्थेचं हवं, सगळं प्रवासाआधी ठरलेलं हवं, अर्जात लिहिलेलं हवं आणि ते काम पोचल्यापासून ३० दिवसांत उरकायला हवं. म्हणजे समजा तुम्ही तिथे कुणा नातेवाइकाकडे दोन महिने राहून मग जाता जाता व्याख्यान देईन म्हणाल तर ते चालणार नाही, व्याख्यान आधी आणि मुक्काम नंतर असं ठेवा. युरोपातल्या बाकी देशांत मानधनाचे नियम प्रत्येक देशाचे आपापले आहेत, तिथे आयोजकांकडूनच लेखी घ्यावं लागतं.

अमेरिकेचा व्हिसा नाकारला ताई. दोन-तीन मिनिटं बोलले असतील, कागद उघडूनही बघितले नाहीत, हातात एक छापील कागद दिला त्यावर २१४ बी लिहिलंय. माझी पहिलीच इंटरनॅशनल कॉन्फरन्स होती. मी काय चुकले तेच कळत नाही. आता कुठल्याच देशाचा व्हिसा मिळणार नाही का?

मिळेल. हे आधी सांगते कारण तुझ्या पत्रातली शेवटची ओळ वाचून जीव तुटला. २१४ बी हे कायद्याचं कलम आहे, शिक्का नाही, बंदी नाही. अमेरिकेच्या कायद्यातच असं गृहीत धरलंय की व्हिजिटर व्हिसा मागणारा माणूस तिथेच राहायला येतोय आणि तसं नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचं असतं. वय कमी, लग्न झालेलं नाही, नोकरी नाही, आधी कुठे परदेश प्रवास नाही, अशा विद्यार्थ्याला ते पटवणं कठीण जातं, आणि हे अन्यायकारक वाटतं तर ते वाटणं बरोबरच आहे. कारण कॉन्फरन्सला जाणं ज्यांना सगळ्यात जास्त गरजेचं, त्यांच्याकडेच दाखवायला सगळ्यात कमी असतं.

कागद बघितले नाहीत म्हणून अपमान वाटला असं तू लिहिलंयस. तिथे निर्णय मुख्यतः डीएस-१६० या ऑनलाइन व्हिसा फॉर्मवर आणि तुझ्या बोलण्यावर होतो, फाइल पुष्कळदा उघडतच नाहीत, अगदी व्हिसा मिळालेल्यांचीसुद्धा. म्हणून पुढच्या वेळी तयारी बोलण्याची कर. तुझं संशोधन काय आहे ते विषय न कळणाऱ्या माणसाला दोन वाक्यांत सांगता यायला हवं. खर्च कोण करतंय, एका वाक्यात. परत येऊन काय करायचंय, थीसिस कधी सबमिट आहे, शिकवायचे तास आहेत का, फेलोशिप कधीपर्यंत आहे, हे विचारायच्या आधीच उत्तरात यायला हवं. या निर्णयाविरुद्ध अपील नसतं पण पुन्हा अर्ज करता येतो, फी पुन्हा भरावी लागते. तरी परिस्थितीत काहीच बदललं नसेल तर लगेच पुढच्या आठवड्यात अर्ज करून पैसे घालवू नकोस. काहीतरी नवीन असू दे, फेलोशिपचं पत्र, दुसऱ्या एखाद्या देशाचा प्रवास, आयोजकांकडून आलेली ग्रँट.

याच जागी दुसऱ्या एका वाचकालाही उत्तर देते, त्याला २२१ जी असं लिहिलेला कागद मिळालाय. तो वेगळा मामला आहे, त्याचा अर्थ अजून कागद हवेत किंवा तपासणी चालू आहे. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या काही विषयांत हे जास्त होतं आणि सीव्ही, पेपर्सची यादी, प्रवासाचा तपशील मागतात. यात किती वेळ जाईल ते सांगता येत नाही, म्हणून अशा विषयातल्यांनी कॉन्फरन्सच्या बऱ्याच महिने आधी अर्ज करावा, हाच उपाय.

बाकी देशांचं म्हणशील तर प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्र असतो. शेंगेनने नाकारलं तर कारण छापील फॉर्मवर खूण करून देतात आणि अपीलचा हक्क असतो, मुदत देशानुसार वेगळी. ब्रिटनमध्ये व्हिजिटरला सहसा अपील नसतं पण कारणांचं पत्र मिळतं आणि त्यातल्या एकेका कारणाला उत्तर देत नवा अर्ज करता येतो. पुढच्या प्रत्येक फॉर्मवर विचारतील, कधी व्हिसा नाकारलाय का? तिथे हो असंच लिहायचं. खरं सांगितलेला नकार पचतो, लपवलेला सापडला तर मग खरी बंदी येते.

आणि आजच आयोजकांना कळव. ऑनलाइन वाचता येईल का, सहलेखक वाचेल का, रेकॉर्डिंग चालेल का, हे विचारायला संकोच करू नकोस. पेपर तुझाच आहे, तो प्रोसीडिंग्जमध्ये तुझ्याच नावाने येणार आहे.

मी अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकतोय, पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय पण स्टेटस चालू आहे. टोरंटोला पाच दिवसांची कॉन्फरन्स आहे. परत येता येईल का?

येता येईल बहुतेक. ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणून सोय आहे, कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवस किंवा कमी राहून परत येणार असशील, आय-९४ ही प्रवेशाची नोंद चालू असेल आणि आय-२० या विद्यापीठाने दिलेल्या फॉर्मवर प्रवासाची सही असेल तर संपलेल्या व्हिसावरही घेतात. पण कॅनडात गेल्यावर तिथल्या अमेरिकन दूतावासात नव्या व्हिसाचा अर्ज केलास की ही सोय गेली, मग निर्णय येईपर्यंत तिथेच थांबायचं, म्हणून त्या मोहात पडू नकोस. काही देशांच्या नागरिकांना ही सोय नाही. आणि कॅनडाचा व्हिसा लागतोच, तो वेगळा काढायचा, हे पुष्कळजण विसरतात. निघायच्या आधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला भेटून जा.

युरोपात शिकणाऱ्या दोघांनी साधारण असंच विचारलंय. एका शेंगेन देशाचा रेसिडन्स परमिट असेल तर दुसऱ्या शेंगेन देशात कॉन्फरन्सला जायला व्हिसा लागत नाही, १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा, पासपोर्ट आणि परमिट दोन्ही जवळ ठेवा.

माझं बाळ सात महिन्यांचं आहे, अंगावर पितं. कॉन्फरन्सला त्याला आणि माझ्या आईला घेऊन जायचंय. आयोजकांच्या लेटरमध्ये त्यांची नावं घालता येतात का?

घालता येतात आणि घालून घ्याच. जरूर जा, बाळ आहे म्हणून राहू नका. बाळाला स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा व्हिसा लागतो, तुमच्या व्हिसावर ते येत नाही. शेंगेनमध्ये ६ वर्षांखालच्या मुलांना फी नाही. आईचा अर्ज वेगळा, त्यात लिहायचं की मुलीबरोबर बाळाला सांभाळायला जातेय, अमेरिकेसाठी असेल तर तुम्ही बी-१ आणि त्या दोघांचं बी-२, म्हणजे फिरायला जाणाऱ्यांचा व्हिसा, प्रत्यक्षात बहुतेकांना दोन्ही एकत्रच मिळतो. आईचा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं तुमचं पत्र आणि नात्याचा पुरावा. बाळाचे बाबा बरोबर नसतील तर त्यांचं लेखी संमतीपत्र, नोटरी केलेलं असलं तर उत्तम, आणि जन्माचा दाखला, हे दोन्ही विमानतळावरही हातातल्या बॅगेत असू द्या. तिघांचे अर्ज एकाच वेळी, एकाच अपॉइंटमेंटला द्या. फीडिंग रूम आणि पाळणाघराची सोय आहे का तेही आयोजकांना आत्ताच विचारा, विचारणाऱ्या वाढल्या की सोयी होतात.

माझ्या टीममधल्या एकाचा पासपोर्ट असा आहे की त्याला अमेरिकेचा व्हिसाच लागत नाही म्हणतो. मग त्याने काहीच करायचं नाही का? आणि आम्हा बाकीच्यांचं विमान अमेरिकेमार्गे दक्षिण अमेरिकेला जातंय, तिथे फक्त विमान बदलायचंय.

व्हिसा लागत नाही म्हणजे परवानगीही लागत नाही असं नाही. अमेरिकेला एस्टा, कॅनडाला ईटीए, ब्रिटनला ईटीए, ही प्रवासाआधीची परवानगी ऑनलाइन घ्यावीच लागते, नाहीतर विमानात बसू देत नाहीत. एस्टावर ९० दिवसांपर्यंत राहता येतं आणि कॉन्फरन्स चालते. पण १ मार्च २०११ नंतर इराण, इराक, सीरिया, सुदान अशा काही देशांत तो गेला असेल तर एस्टा बंद, रीतसर व्हिसा काढावा लागतो, आणि तिथे कॉन्फरन्सलाच गेलो होतो या कारणाने आपोआप सुटका होत नाही. संशोधकांना हे फार उशिरा कळतं, त्याला आजच विचारा.

तुमच्या विमानाचं जरा गंभीर आहे. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही इमिग्रेशनमधून बाहेर यावं लागतं, त्यामुळे ज्यांना व्हिसा लागतो त्यांना ट्रान्झिटसाठीही सी-१ किंवा बी व्हिसा हवाच. कॅनडात, ब्रिटनमध्ये आणि काही शेंगेन विमानतळांवरही पासपोर्टनुसार ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. तिकीट काढताना साइट हे सांगतेच असं नाही. स्वस्त तिकिटापेक्षा ट्रान्झिट व्हिसा न लागणारा रूट बघा.

आम्ही आमच्या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद भरवतोय, शंभरेक परदेशी प्रतिनिधी येतील असं वाटतं. व्हिसाबाबत आयोजक म्हणून आम्ही काय करावं?

हा प्रश्न एकाच आयोजकाने विचारला याचं वाईट वाटलं आणि विचारला याचा आनंदही झाला, कारण व्हिसा ही प्रतिनिधीची खासगी कटकट आहे असं आयोजक धरून चालतात आणि मग रिकाम्या खुर्च्या दिसतात.

परिषद कुठे भरवायची हे ठरवतानाच व्हिसाचा विचार व्हायला हवा. आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेचं उदाहरण घ्या. एचआयव्ही असलेल्यांना अमेरिकेत प्रवेशबंदी होती, १९९० च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेवर अनेक संस्थांनी बहिष्कार टाकला, १९९२ ची बॉस्टनला ठरलेली परिषद ॲमस्टरडॅमला हलवली, आणि बंदी जानेवारी २०१० मध्ये उठल्यावरच २०१२ ला ती अमेरिकेत, वॉशिंग्टनला परत भरली. ज्यांच्या आजारावर चर्चा चाललीय त्यांनाच दारात उभं करायचं नाही, यासाठी इतकी वर्षं लोक ठाम राहिले. त्याच परिषदेच्या २०२२ च्या मॉन्ट्रियलच्या वेळी आफ्रिकेतल्या पुष्कळ प्रतिनिधींना कॅनडाचा व्हिसा मिळाला नाही म्हणून मोठा संताप झाला. आर्टिफिशियल इंटेलिजन्सच्या न्यूरिप्स परिषदेत २०१८ आणि २०१९ मध्ये कॅनडातच आफ्रिकन संशोधकांचं तेच झालं. मग आयसीएलआर ही त्याच क्षेत्रातली मोठी परिषद २०२३ मध्ये रवांडात, किगालीला भरली. रवांडा २०१८ पासून सगळ्या देशांच्या नागरिकांना विमानतळावरच ३० दिवसांचा व्हिसा देतो. जागा बदलली की कोण येऊ शकतं ते बदलतं.

तुमची जागा ठरली असेल तर निदान तारखा तरी उलट्या मोजा. पेपर सिलेक्ट झाल्याचं कळणं आणि परिषद यात दोन महिने ठेवणं म्हणजे ज्यांना व्हिसा लागतो त्यांना न बोलावण्यासारखंच आहे, पाच-सहा महिने ठेवा, किंवा व्हिसा लागणाऱ्यांचे पेपर आधी तपासा. लेटर मागितल्यापासून दोन-तीन दिवसांत द्या, शक्य तर फी न घेता द्या. व्हिसा नाकारल्याचा कागद दाखवला की पूर्ण फी परत, हे वेबसाइटवर स्पष्ट लिहा. ऑनलाइन सादरीकरणाची सोय पहिल्यापासून ठेवा आणि त्याला कमी लेखू नका, सर्टिफिकेटवर फरक दाखवू नका.

जिथे परिषद आहे त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याला आधी कळवायची पद्धत असेल तर वापरा. कॅनडात मोठ्या कार्यक्रमाची नोंदणी केली की एक कोड मिळतो, तो प्रतिनिधींनी अर्जात घालायचा असतो, त्याने व्हिसाची खात्री मिळत नाही पण कार्यक्रम खरा आहे हे अधिकाऱ्याला लगेच दिसतं. जपानसारख्या देशात निमंत्रण देणाऱ्यानेच हमीपत्र आणि मुक्कामाचं वेळापत्रक बनवून पाठवायचं असतं, ते काम प्रतिनिधीवर ढकलता येत नाही. भारतात तर परदेशी प्रतिनिधींसाठी कॉन्फरन्स व्हिसा असा वेगळा प्रकारच आहे आणि त्यासाठी आयोजकांनाच सरकारी मंजुऱ्यांच्या मागे लागावं लागतं.

आणि एक माणूस फक्त या कामासाठी नेमा, लेटरवर त्याचंच नाव, त्याचाच फोन. दूतावासातून कधी कधी खरंच फोन येतो, हा माणूस तुमच्याकडे येतोय का म्हणून, आणि तेव्हा उचलणाऱ्याला ते नाव माहीत असायला हवं.